सयाजीराव, बाप निअर्को, आई रोझी लेजंड

इंग्लंडमध्ये घोड्यांच्या पाच मानाच्या शर्यती आहेत, त्यांत सेंट लेजर सगळ्यांत जुनी. १७७६ साली, इकडे पेशवाईत पुरंदरचा तह झाला त्या वर्षी, ती डॉनकॅस्टरला सुरू झाली. विजेत्या घोड्यांची यादी वाचत खाली आलं की १९४६ ला एअरबोर्न भेटतो, १९४८ ला ब्लॅक टार्क्विन. या दोघांच्या मधे, १९४७ च्या ओळीत, नाव आहे सयाजीराव.

हे घोड्याचंच नाव. मालकाचं नव्हे, जॉकीचं तर नव्हेच. तपकिरी रंगाचा, १९४४ साली जन्मलेला हा अस्सल थरोब्रेड घोडा बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या मालकीचा होता, आणि त्याला ठेवलेलं नाव महाराजांच्या आजोबांचं होतं. आजोबा म्हणजे ज्यांनी आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबियाला पाठवलं, १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेच नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, दत्तक जाऊन राजे झालेले तिसरे सयाजीराव.

आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. घोड्याला ठेवलं तर तो मान की अवमान, यावर कुठल्याही मराठी घरात दोन तट पडतील. मला वाटतं, प्रतापसिंहरावांनी ते मानानंच ठेवलं असावं. रेसच्या जगात उत्तम रक्ताच्या घोड्याला आपल्या घराण्यातलं नाव देणं म्हणजे ते नाव सगळ्या युरोपच्या वर्तमानपत्रांत छापून आणणं. गायकवाडांना घोड्याचं वावडं असायचं कारणही नव्हतं. पिलाजीराव आणि दमाजीराव गुजरातेत पसरले ते घोड्यांच्या पाठीवरूनच. शिलेदार, बारगीर, पागा, पतके हे शब्द ज्या भाषेत रोजचे होते त्या भाषेतलं हे घराणं. फरक एवढाच, की तेव्हाचा घोडा राज्य मिळवायच्या कामी आला आणि हा घोडा घेतला तेव्हा राज्य हातातून चाललं होतं.

बडोद्यात तर आधीच एक गंमत होऊन बसली आहे. सयाजीबागेजवळच्या चौकात तिसऱ्या सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा आहे, फ्रान्सिस डर्वेंट वूड या इंग्रज शिल्पकारानं घडवलेला. गावातला माणूस त्याला महाराजांचा पुतळा म्हणत नाही. 'काळा घोडा' म्हणतो. रिक्षावाल्याला काळा घोडा सांगितलं की तो बरोबर आणून सोडतो. स्वार कोण, हे विचारायची गरज कुणाला पडत नाही.

सयाजीराव या घोड्याच्या किमतीचा सगळा जमाखर्च त्याच्या थोरल्या भावाशी बांधलेला आहे, म्हणून आधी त्या भावाकडे जावं लागतं.

दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, १९४१ च्या डिसेंबरमधल्या विक्रीत, सर एरिक ओल्सन या इंग्रज गृहस्थांनी रोझी लेजंड नावाची गाभण घोडी ३,५०० गिनींना घेतली. घोडी फ्रान्समधली. तिचा बाप डार्क लेजंड हा १९१७ च्या डर्बीच्या बदली शर्यतीत तिसरा आला, नंतर हिंदुस्थानात विकला गेला, इथल्या मैदानांवर काही शर्यती जिंकला आणि पुन्हा युरोपात जाऊन फ्रान्समध्ये पैदाशीला लागला. म्हणजे सयाजीरावच्या आईच्या बाजूनं इकडची धूळ आधीच अंगाला लागलेली होती.

रोझी लेजंडच्या पोटात जे शिंगरू होतं ते निअर्कोचं. निअर्को हे नाव रेसच्या माणसाला सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. फेदेरिको तेझिओ या इटालियन माणसानं त्याची पैदास केली. चौदा शर्यती धावला, चौदाही जिंकला. १९३८ मध्ये पॅरिसची मोठी शर्यत मारल्यावर मार्टिन बेन्सन या इंग्रज बुकीनं त्याला ६०,००० पौंडांना विकत घेऊन न्यूमार्केटला नेलं, आणि बॉम्ब पडायला लागले तेव्हा घोड्यासाठी खास हवाई हल्ल्यापासून बचावाचा खंदक बांधला. हाच बेन्सन चार वर्षं आधीही एका हिंदी राजाच्या गोष्टीत येऊन गेला होता. राजपिपळ्याचे महाराज विजयसिंहजी यांनी १,३०० गिनींना घेतलेल्या विंडसर लॅडनं १९३४ ची एप्सम डर्बी जिंकली, आणि त्यानंतर तो घोडा ५०,००० पौंडांना घेणारा माणूस बेन्सनच. त्या वर्षीची सेंट लेजर विंडसर लॅडनं बेन्सनसाठी मारली. आज जगात धावणाऱ्या थरोब्रेड घोड्यांच्या वंशावळी मागे मागे नेल्या तर निअर्को कुठे ना कुठे सापडतोच. सेक्रेटेरियट त्याच्या एका मुलाच्या, नसरुल्लाच्या, वंशातला आणि नॉर्दर्न डान्सर दुसऱ्या मुलाच्या.

रोझी लेजंडला १९४२ मध्ये शिंगरू झालं, त्याचं नाव डान्टे. ओल्सननी ते विक्रीला काढलं, पण मनाजोगी बोली आली नाही, म्हणून नाइलाजानं स्वतःकडेच ठेवलं. मिडलहॅमच्या मॅट पीकॉककडे तयार झालेल्या या डान्टेनं १९४५ ची डर्बी जिंकली. युद्धामुळे ती डर्बी एप्समला न होता न्यूमार्केटला झाली होती. इंग्लंडच्या उत्तर भागातल्या पागेतून डर्बी जिंकणारा १८६९ नंतरचा तो पहिलाच घोडा, त्यामुळे यॉर्कशरमध्ये त्याचं कौतुक अतोनात. दुर्दैव असं की तेव्हाच त्याचे डोळे जात चालले होते, आणि पुढे तो पूर्ण आंधळा झाला.

अशा घोड्याचा सख्खा भाऊ, तोच बाप, तीच आई, वर्षाचा झालेला, १९४५ मध्येच लिलावात उभा राहिला. घोड्यांच्या व्यवहारात 'सख्खा भाऊ' या दोन शब्दांची किंमत वेडी असते. शिंगराला कुणी पळताना पाहिलेलं नसतं, पाठीवर खोगीर चढलेलं नसतं. घेणारा बघतो तो छातीचा घेर, मागच्या पायांची ठेवण, चाल, आणि मग कागद. इथे कागद एवढा भारी होता की बाकीचं बघायला कुणी फार वेळ घेतला नसावा. बोली २८,००० गिनींवर थांबली. एका वर्षाच्या शिंगरासाठी ब्रिटनमध्ये तोवर एवढी रक्कम कुणी मोजलेली नव्हती. घेणारे बडोद्याचे महाराज.

गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. नाणं कधीच बंद झालेलं, पण घोडे गिनीतच विकायचे ही तिकडची रीत. पौंडात हिशेब केला तर २९,४०० पौंड, आणि त्या वेळच्या एक शिलिंग सहा पेन्सच्या दरानं बरोबर ३,९२,००० रुपये. एका शिंगराला चार लाख! प्रतापसिंहरावांना पुढे भारत सरकारनं जो तनखा ठरवून दिला तो वर्षाला साडेसव्वीस लाखांचा होता, आणि तो मोठ्यांतल्या मोठ्या तनख्यांपैकी एक. त्याच्या जवळजवळ सातवा हिस्सा एका मुक्या जनावरावर, ज्याला पळता येतं की नाही हेही माहीत नव्हतं.

महाराजांना मात्र रेस परकी नव्हती. महालक्ष्मीच्या मैदानावर १९४३ मध्ये पहिली इंडियन डर्बी झाली ती त्यांच्याच प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीनं जिंकली. पाठीवर होता एडगर ब्रिट हा तिशीला टेकलेला ऑस्ट्रेलियन जॉकी. त्याच वर्षी मद्रासच्या रेसला महाराजांना पिठापुरमच्या राजकन्या सीतादेवी भेटल्या. त्या विवाहित होत्या, महाराजही विवाहित होते. कोल्हापूरकडच्या हसूरच्या शांतादेवी त्यांच्या महाराणी होत्या. सीतादेवींनी धर्म बदलून पहिलं लग्न मोडलं, मग आर्य समाजी विधीनं परत हिंदू होऊन महाराजांशी लग्न केलं. पंचाईत अशी, की बडोद्यात दुसऱ्या लग्नाला आळा घालणारा कायदा होता, आणि आता गादीवरच्या राजानंच तो मोडला होता. कायदा प्रजेला, राजाला नाही, असा खुलासा व्हाइसरॉयकडे गेला. तिसऱ्या सयाजीरावांच्या पुण्याईवर उभ्या असलेल्या संस्थानात या खुलाशानं काय वाटलं असेल ते कळायला इतिहासकार लागत नाही.

युद्ध संपताच महाराज-महाराणी युरोपकडे वळले, आणि घोडेही. न्यूमार्केटला वॉरन प्लेस ही टेकडीवरची प्रशस्त जागा महाराजांनी घेतली आणि तिथे सॅम आर्मस्ट्राँग या ट्रेनरला आणून बसवलं. आर्मस्ट्राँग मूळचा त्याच मिडलहॅमचा, जिथे डान्टे तयार झाला. स्वतःची बसलेली पागा सोडून एका मालकाच्या भरवशावर न्यूमार्केटला येणं हा जुगारच, पण माणूस कष्टाळू आणि हिशेबी. जॉकी म्हणून ब्रिटला हिंदुस्थानातून बोलावून घेतलं. म्हणजे उत्तरेचा ट्रेनर, सिडनीचा जॉकी, बडोद्याचा पैसा आणि इटालियन बापाचा घोडा. मोतद्दारांच्या तोंडी 'सयाजीराव' कसं वळत असेल, याची कल्पना करून पाहावी.

दोन वर्षांचा असताना घोड्यानं निराशाच केली. एक शर्यत जिंकला, पण विक्रमी किमतीच्या घोड्याकडून लोक जे मागतात ते एवढ्यावर भागत नाही. डान्टे दोन वर्षांचा असताना अजिंक्य होता, आणि हा त्याचा भाऊ म्हणून घेतलेला. तुलनेतून सुटका नव्हती. खरं म्हणजे हे दोघं वेगळ्या जातीचे घोडे होते. डान्टेकडे वेग होता. सयाजीरावकडे दम होता. दमाचा घोडा उशिरा पिकतो, मैलाच्या शर्यतीत तो नुसता तापतो आणि इतर घोडे थकायला लागले की त्याचा खेळ सुरू होतो. मालकानं भावाचं नाव बघून मोजलेले पैसे या घोड्यानं शेवटी फेडले, पण स्वतःच्या ढंगानं.

१९४७ उजाडलं. त्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये बर्फानं कहर केला, कोळशाचा तुटवडा पडला, कारखाने बंद ठेवावे लागले. न्यूमार्केटला वसंतात दोन हजार गिनी ही एक मैलाची मानाची शर्यत झाली ती ट्यूडर मिन्स्ट्रेलची. 'झाली' असंच म्हणावं लागतं, कारण बाकीचे घोडे तिथे असून नसल्यासारखे होते. गॉर्डन रिचर्ड्सला पाठीवर घेऊन ट्यूडर मिन्स्ट्रेल घोड्याच्या आठ लांबींनी पुढे निघून गेला. दुसरा सरावन, तिसरा सयाजीराव. तिसरा क्रमांक कागदावर बरा दिसतो. मैदानावर मात्र पहिल्याच्या आणि बाकीच्यांच्या मधे एवढी जागा होती की तिथे दुसरी शर्यत लावता आली असती. पण जाणत्यांनी एक गोष्ट हेरली. मैल संपला तेव्हा सयाजीराव अजून पळायच्या तयारीत होता.

लिंगफील्डची डर्बी ट्रायल त्यानं जिंकली. मग जूनमध्ये एप्सम.

एप्समचं मैदान ज्यानं टीव्हीवर तरी पाहिलं असेल त्याला ठाऊक आहे, ते महालक्ष्मीसारखं सपाट नाही. आधी चढ, मग टॅटनहॅम कॉर्नरकडे उतरत जाणारं वळण, मग शेवटचा सरळ भाग, तोही आतल्या बाजूला कललेला. दीड मैल. वेग, दम, तोल आणि जॉकीचं डोकं, चारही लागतात. उत्पादन बुडू नये म्हणून सरकारला कामाच्या दिवशी गर्दीचे खेळ नको होते, त्यामुळे बुधवारची डर्बी त्या वर्षी शनिवारी झाली आणि लंडन एप्समवर लोटलं. सगळ्यांचा पैसा ट्यूडर मिन्स्ट्रेलवर. भाव सातास चार, म्हणजे सात पौंड लावले तर नफा चारच पौंड. इतका कमी भाव डर्बीत क्वचितच लागतो. रिचर्ड्स तेव्हाचा ब्रिटनमधला सर्वांत मोठा जॉकी, पण डर्बी त्याला आयुष्यात मिळाली नव्हती. मिळणार, तर आजच.

ट्यूडर मिन्स्ट्रेल सुरुवातीपासून लगामाशी भांडत राहिला. दीड मैल हे त्याचं काम नव्हतं आणि भांडण्यात शक्ती गेली ती गेलीच. तो चौथा आला. पर्ल डायव्हर हा चाळीसास एक भावाचा घोडा चार लांबींनी जिंकला, आणि डर्बीच्या मैदानावर अशा वेळी जी विचित्र शांतता पसरते ती पसरली. दुसरा आगाखानांचा मिगोली. त्याच्यामागून सयाजीराव, पुन्हा तिसरा.

दोन मोठ्या शर्यतींत दोनदा तिसरा. २८,००० गिनींची आठवण करून द्यायला एवढं पुरे होतं. पण ट्यूडर मिन्स्ट्रेल या वेळी त्याच्या मागे होता, हे विसरू नये.

त्याच जूनमध्ये आर्मस्ट्राँगनं घोडा आयर्लंडला नेला. करॅ हे किल्डेअरमधलं अफाट, उघडं, वाऱ्याचं मैदान. तिथे एप्समचे चढउतार नाहीत, लांबच लांब पळायला जागा आहे. आयरिश डर्बीत ब्रिटनं त्याला त्याच्या चालीनं पळू दिलं आणि सयाजीराव जिंकला. त्यानंतर वॉरन स्टेक्सही त्यानंच मारली. वसंतात जो घोडा मागून येत हरत होता तो उन्हाळ्याच्या शेवटी मागून येत जिंकायला लागला. डॉनकॅस्टरला जाताना त्याची घडण पूर्ण झाली होती.

सेंट लेजरचा पल्ला पावणेदोन मैलांहून थोडा जास्त. पाच मानाच्या शर्यतींत हीच सर्वांत लांब. तीन वर्षांच्या घोड्याच्या पाठीवर नऊ स्टोन, म्हणजे सुमारे सत्तावन्न किलो. डॉनकॅस्टरचा शेवटचा सरळ भाग असा लांबलचक आहे की तिथे घोड्यातलं खोटं लपत नाही. वेगाच्या बळावर आलेला घोडा त्या सरळ भागात उघडा पडतो. गर्दीही वेगळी. एप्समला लंडन येतं, इथे येतात यॉर्कशरचे खाणकामगार, आणि घोड्याच्या बाबतीत त्यांची नजर लॉर्डांपेक्षा तीक्ष्ण असते अशी त्यांची स्वतःची समजूत आहे. डान्टे त्यांचा लाडका. आंधळेपणामुळे त्याला सेंट लेजर धावता आली नव्हती. आता त्याचा भाऊ समोर होता, परक्या राजाच्या मालकीचा आणि उच्चारायला अवघड नावाचा.

अटीतटी झाली ती अर्बारशी. फ्रेंच कापडसम्राट मार्सेल बुसाकचा हा घोडा. युद्धानंतरच्या त्या वर्षांत फ्रेंच घोड्यांनी इंग्लिश शर्यतींत धुमाकूळ घातला होता, आणि त्यात बुसाकचे घोडे आघाडीवर. अर्बारही दमाचा, इतका की पुढच्याच वर्षी त्यानं अडीच मैलांचा अ‍ॅस्कट गोल्ड कप जिंकला. असे दोन घोडे शेवटच्या फर्लांगात जोडीनं आले की चाबूक, आरडाओरड यांना अर्थ उरत नाही. मागे हटायला कोण आधी तयार होतो, एवढाच प्रश्न उरतो. सयाजीराव हटला नाही. एका डोक्याच्या अंतरानं जिंकला. मिगोली तिसरा.

एक डोकं म्हणजे जेमतेम हातभर. तेवढ्यावर त्याचं नाव त्या यादीत गेलं. हातभर कमी पडला असता तर तो इतिहासात फक्त एक महाग पडलेला घोडा म्हणून उरला असता. माझ्या मते तो फार मोठ्या घोड्यांच्या पंगतीतला नव्हता. ट्यूडर मिन्स्ट्रेल मैलावर त्याला कधीही धुऊन काढू शकला असता, आणि तयारीतला डान्टे त्याच्याहून सरस होता यात शंका नाही. पण वसंतापासून सप्टेंबरपर्यंत प्रत्येक मोठ्या शर्यतीला उभा राहणं, वेगवेगळ्या मैदानांवर मार खात-देत शिकत जाणं आणि वर्षाच्या सर्वांत कठीण परीक्षेत न हटणं, हे ज्याला जमलं त्याला चॅम्पियन म्हणायला मला अडचण वाटत नाही.

आता तारखेकडे बघा. सप्टेंबर १९४७. भारत स्वतंत्र होऊन महिना होत होता. पंजाबातून निर्वासितांचे तांडे चालले होते. जुनागढच्या नवाबानं पाकिस्तानात जायचं ठरवलं होतं आणि काठियावाड पेटायच्या बेतात होतं. त्याच सुमारास प्रतापसिंहरावांनी सरदार पटेलांकडे एक मागणी केली, व्ही. पी. मेनन यांनी ती आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवली आहे. गुजरात-काठियावाडातली संस्थानं आपल्या छत्राखाली द्यावीत, आपल्याला गुजरातचा राजा करावं, मग जुनागढच्या कामी बडोदा मदत करील. पटेलांसारख्या माणसापुढे असं पत्र ठेवायला एक तर फार धैर्य लागतं, नाही तर वस्तुस्थितीशी फारकत झालेली असावी लागते. फेब्रुवारीत घटना समितीत सामील व्हायला पुढे आलेलं पहिलं मोठं संस्थान बडोदाच होतं, आणि त्याची केवढी वाहवा झाली होती. सात महिन्यांत ती पत सगळी गेली.

घोड्यानं डॉनकॅस्टरला जिंकलेली पत मालकानं दिल्लीत घालवली, असं वाक्य लिहायचा मोह होतो. तो आवरायला हवा, कारण पटेलांना घोड्याशी काही देणंघेणं नव्हतं. बडोद्यातल्या लोकांना होतं. तिथे धान्याची टंचाई, महाराज परदेशात, आणि वर्तमानपत्रांत त्यांच्या घोड्यांचे फोटो. पैसा खासगीतला की सरकारी खजिन्यातला, हा प्रश्न चौकाचौकात विचारला जाऊ लागला.

१९४८ चा हंगाम घोड्यांच्या दृष्टीनं आणखी चांगला गेला. महाराजांच्या माय बाबू या घोड्यानं दोन हजार गिनी जिंकली. पाठीवर चार्ली स्मर्क, ज्यानं चौदा वर्षांपूर्वी राजपिपळ्याच्या विंडसर लॅडवर डर्बी मारली होती. माय बाबू डर्बीचा फेव्हरिट झाला, पण तिथे चौथाच आला. चार वर्षांच्या सयाजीरावनं रॉयल अ‍ॅस्कटला हार्डविक स्टेक्स जिंकली आणि मग त्याला शर्यतींतून काढून पैदाशीला लावलं.

इकडे त्याच वर्षी बडोद्याच्या धारासभेनं महाराजांनी गादी सोडावी असा ठराव केला. डॉ. जीवराज मेहतांचं सरकार आलं, त्यानं खजिन्याची दफ्तरं उघडली, महाराजांनी उचललेल्या रकमांचा आणि जवाहिरखान्यातून बाहेर गेलेल्या जिनसांचा हिशेब मागितला. सीतादेवींबरोबर बडोद्याचे मोती मोनॅकोपर्यंत कसे गेले ती हकिकत स्वतंत्र आहे आणि अनेकदा लिहून झाली आहे. अखेर संस्थान मुंबई प्रांतात विलीन करायचं ठरलं, तारीख १ मे १९४९.

त्याच्या आदल्या दिवशी, ३० एप्रिलला, बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं. आजोबांची ती इच्छा होती, ती नातवानं पुरी केली. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. प्रतापसिंहरावांना उधळ्या म्हणून निकालात काढणाऱ्यांनी ही तारीख विसरू नये, आणि त्यांचे गोडवे गाणाऱ्यांनी बाकीच्या तारखा. चार वर्षांच्या अंतरानं एका माणसानं एकच नाव एका घोड्याला आणि एका विद्यापीठाला दिलं, आणि दोन्हीकडे ते नाव राखलं गेलं. यातला कुठला प्रतापसिंहराव खरा, असं विचारण्यात मला अर्थ दिसत नाही. दोन्ही खरे.

विलीनीकरणानंतरही ते स्वस्थ बसले नाहीत. राजेरजवाड्यांची संघटना उभारून सरकारशी झगडायला निघाले, तेव्हा १९५१ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राजा म्हणून मान्यता काढून घेतली. गादीवर त्यांचे थोरले चिरंजीव फत्तेसिंहराव आले, ज्यांना मराठी माणूस क्रिकेटच्या समालोचनातून ओळखतो. वॉरन प्लेसही गेलं. १९५२ मध्ये तिथे नोएल मर्लेस हा ट्रेनर आला, त्याच्यानंतर त्याचा जावई हेन्री सेसिल. २०१० ते २०१२ या काळात चौदा शर्यतींत एकदाही न हरलेला फ्रँकल तिथेच तयार झाला. न्यूमार्केटच्या त्या टेकडीवर घोडे अजून फिरत होते, बडोद्याचा मागमूस मात्र नव्हता.

घोड्याचं मात्र बरं चाललं होतं. राज्य, तनखा, तोफांची सलामी यांच्याशी पैदाशीच्या घोड्याचा संबंध नसतो. त्याला विचारतात ते एवढंच, की पोरं कशी निघाली. सयाजीरावची पोरं त्याच्यासारखीच निघाली, उशिरा पिकणारी आणि न हटणारी. मुलगी ग्लॅडनेस, व्हिन्सेंट ओब्रायनच्या पागेत तयार झालेली, तिनं १९५८ मध्ये अ‍ॅस्कट गोल्ड कप, गुडवुड कप आणि यॉर्कची इबॉर हँडिकॅप अशा तीन लांब पल्ल्याच्या शर्यती मारल्या. गोल्ड कपला तिच्यावर होता बावीस वर्षांचा लेस्टर पिगट. दोन वर्षांनी पिगटनं लग्न केलं ते सुसान आर्मस्ट्राँगशी, म्हणजे ज्या सॅम आर्मस्ट्राँगनं ग्लॅडनेसच्या बापाला घडवलं त्याच्या मुलीशी. न्यूमार्केटच्या जगात घोड्यांच्या आणि माणसांच्या सोयरिकी अशा एकमेकींत गुंततात की कुणाचा जावई आणि कुणाची पैदास, हे वेगळं काढायला वही लागते.

दुसरी मुलगी लिंक्रिस हिनं १९६० ची आयरिश ओक्स जिंकली. मुलगा आय से यानं १९६६ चा कॉरोनेशन कप. आणि इंडियाना, जो १९६४ च्या डर्बीत सांता क्लॉजच्या मागे दुसरा आला, त्यानं सप्टेंबरमध्ये डॉनकॅस्टरला जाऊन बापाची शर्यत जिंकली. इंडियाना पुढे पैदाशीसाठी जपानला गेला.

सयाजीराव १९६६ मध्ये मेला, बावीस वर्षांचा होऊन. थरोब्रेडसाठी हे भरपूर आयुष्य. प्रतापसिंहराव त्याच्यानंतर दोन वर्षांनी लंडनला वारले. माणसांमध्ये सगळ्यांत टिकला तो एडगर ब्रिट. सयाजीरावनं त्याला इंग्लंडच्या पाच मानाच्या शर्यतींतला पहिला विजय मिळवून दिला, त्यानंतर त्यानं आणखी सहा मारले, ऑस्ट्रेलियाला परतला आणि वर्तमानपत्रात रेसवर लिहू लागला. तो गेला २०१७ च्या जानेवारीत, एकशे तीन वर्षांचा होऊन. तोवर महालक्ष्मीला इंडियन डर्बी सत्तरहून अधिक वेळा धावून झाली होती, आणि तिच्या विजेत्यांच्या यादीत पहिल्या ओळीत जॉकीच्या रकान्यात नाव होतं ते त्याचंच.